हिरड्या हुळहुळणे आणि रोजच्या पूरक गोळ्या: काही संबंध असू शकतो का?

अबोली:

नमस्कार. गेल्या काही महिन्यांपासून माझ्या हिरड्या हुळहुळतात. माझे वय ४७ आहे, मधुमेह नाही, आणि तंबाखू किंवा मशेरीची सवय कधीच नव्हती. त्रास दोन ठिकाणी आहे आणि दोन्हीकडे तो वेगवेगळा जाणवतो. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला, जिथे जीभ टेकते तिथे, हिरडी लालसर आणि फुगीर झाली आहे. ब्रश लागला की रक्त येते आणि चूळ टाकताना फेस गुलाबी दिसतो. वरच्या उजव्या दाढांपाशी मात्र रक्त अजिबात येत नाही, पण माठातले पाणी किंवा ताकाचा घोट घेतला की हिरडीच्या कडेला अशी कळ जाते की क्षणभर डोळे मिटावे लागतात.

गेल्या वर्षापासून मी बऱ्याच पूरक गोळ्या घेते. पायात गोळे येतात म्हणून ई जीवनसत्त्वाची ४०० मिलिग्रॅमची कॅप्सूल, केस गळतात म्हणून बायोटिन, आम्ही मासे खात नाही म्हणून माशाच्या तेलाची कॅप्सूल (ती औषध समजून घेते, घरात कुणी विचारत नाही), आणि सी जीवनसत्त्वाची ५०० मिलिग्रॅमची चघळायची गोळी. ही शेवटची गोळी मला आवडते, त्यामुळे कामावर जाताना बसमध्ये ती उजव्या गालात धरून सावकाश विरघळू देते. सकाळी उठल्यावर कोमट पाण्यात लिंबू आणि मध असतोच. हिरड्यांसाठी चांगली म्हणून अलीकडे कोलॅजनची पावडरही आणली आहे.

शेजारच्या काकू म्हणतात की हिरड्यांतून रक्त येते म्हणजे सी जीवनसत्त्व कमी पडते आहे, तेव्हा गोळी दुप्पट कर. औषधांच्या दुकानात काम करणारा माझा भाचा म्हणतो की माशाचे तेल आणि ई जीवनसत्त्व यांनी रक्त पातळ होते, तेव्हा सगळेच बंद कर. या दोघांपैकी कुणाचे ऐकावे, आणि आहारात काही बदल केल्याने फरक पडेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मुखवैद्य:

अबोलीताई, मी दंतवैद्य आहे. तरीही तोंडात न बघता निदान करता येत नाही, एवढे आधीच सांगतो आणि मग तुमच्या वर्णनावरून जे दिसते ते लिहितो. तुम्ही दोन त्रास वेगळे करून लिहिलेत हे फार उपयोगाचे झाले. बहुतेक रुग्ण "हिरड्या दुखतात" एवढेच सांगतात आणि अर्धा वेळ नेमके काय होते ते शोधण्यात जातो. माझ्या मते तुमच्या दोन त्रासांची कारणे वेगळी आहेत आणि गोळ्यांशी त्यांचा संबंधही वेगळा आहे.

आधी रक्त येणाऱ्या जागेबद्दल. जिभेखालच्या लाळग्रंथींच्या नळ्या खालच्या पुढच्या दातांच्या मागेच उघडतात. लाळेतल्या क्षारांमुळे तिथल्या दातांवरचा मऊ थर लवकर कडक होतो आणि पिवळट किटण धरते. नखाने खरवडून पाहिलेत तर खडबडीत लागेल. या किटणावर जिवाणूंचा ताजा थर रोज साचतो आणि त्याला लागून असलेली हिरडी सुजते. डेन्मार्कमधील ऑऱ्हुस येथे हाराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे पूर्ण बंद करायला सांगितले होते. १० ते २१ दिवसांत त्या सर्वांच्या हिरड्या सुजल्या, आणि स्वच्छता पुन्हा सुरू केल्यावर त्या पूर्ववत झाल्या. त्यांच्या आहारातून कोणतेही जीवनसत्त्व काढून घेतलेले नव्हते. त्यामुळे रक्त येते म्हणजे सी जीवनसत्त्व कमी आहे, हा काकूंचा निष्कर्ष शंभरातल्या बहुतेक रुग्णांना लागू पडत नाही, आणि रोज ५०० मिलिग्रॅम घेणाऱ्या तुम्हाला तर नाहीच.

आता तुमच्या भाच्याचे म्हणणे. त्यात तथ्य आहे, पण प्रमाण ध्यानात घ्यावे लागेल. माशाच्या तेलातील ओमेगा-३ मेदाम्लांमुळे रक्तातील बिंबिकांची (प्लेटलेट्सची) चिकटण्याची क्षमता काहीशी कमी होते, आणि ई जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत घेतले तर रक्त गोठायला लागणाऱ्या के जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा येतो. ई जीवनसत्त्वाची रोजची गरज १० ते १५ मिलिग्रॅमच्या आसपास असते, त्यावरून ४०० मिलिग्रॅम म्हणजे किती हे लक्षात यावे. असे असले तरी या गोळ्या निरोगी हिरडीतून रक्त काढत नाहीत. हिरडी आधीच सुजलेली असेल तर जे रक्त दोन चुळांत थांबले असते ते चार चुळांपर्यंत वाहते, एवढेच. खरी काळजी असते ती या गोळ्यांच्या जोडीला ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफॅरिन यांसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर. आपण यांपैकी किंवा अन्य कोणते डॉक्टरी औषध घेत असाल तर जरूर लिहा, कारण आपल्या प्रश्नात त्याचा उल्लेख नाही. दात काढायचा किंवा हिरडीची शस्त्रक्रिया करायची असेल तेव्हा पूरक गोळ्यांचीही यादी दंतवैद्याला द्यावी. "औषधे काही चालू आहेत का?" असे विचारले की रुग्ण "नाही" म्हणतात, आणि पिशवीतून सहा डब्या निघतात.

वरच्या उजव्या दाढांची कळ हे वेगळे प्रकरण आहे आणि तिथे मला तुमच्या गोळीवर दाट संशय आहे. हिरडी किंचित मागे सरली की दाताचे मूळ उघडे पडते. मुळावर दातासारखे कठीण आवरण नसते. त्याखालच्या भागात अतिसूक्ष्म नलिका असतात आणि त्यांतला द्रव थंड किंवा आंबट पदार्थाने हलला की आतल्या नसेला ती हालचाल जाणवते. म्हणून कळ हिरडीच्या कडेला आल्यासारखी वाटते, पण ती दाताच्या मुळाची असते. सी जीवनसत्त्व म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल. तोंडातील पीएच (आम्लता मोजण्याचा आकडा; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) ५.५ च्या खाली गेला की दाताचे कठीण आवरण विरघळू लागते, आणि मूळ तर त्याही आधी. ताकाचा घोट लगेच पोटात जातो. गालात धरलेली गोळी मात्र बसचा प्रवास संपेपर्यंत त्याच दोन-तीन दातांना आम्लाचा लेप देत राहते. सकाळचे लिंबूपाणी त्यात भर घालते, आणि ते प्यायल्यावर लगेच दात घासत असाल तर मऊ पडलेला थर ब्रशने निघून जातो.

यावर उपाय साधे आहेत. ही गोळी गालात धरणे आजच थांबवा. घ्यायचीच असेल तर गिळायची घ्या. लिंबूपाण्यानंतर साध्या पाण्याने चूळ भरा आणि निदान अर्धा तास ब्रश करू नका. ब्रश मऊ घ्या, तो हिरडी आणि दात यांच्या सांध्यावर तिरका, साधारण ४५ अंशांत ठेवा आणि भांडी घासल्यासारखा आडवा ओढू नका. संवेदनशील दातांसाठी मिळणारी पोटॅशियम नायट्रेटची किंवा फ्लोराइड जास्त असलेली पेस्ट काही आठवडे नियमित वापरली तर फरक जाणवतो. खालचे किटण मात्र कोणत्याही पेस्टने निघणार नाही, त्यासाठी दवाखान्यात जाऊन दात साफ करून घ्यावे लागतील. त्याने दात हलतात हा समज आपल्याकडे पक्का आहे. किटणाने वर्षानुवर्षे जखडलेले दात ते निघाल्यावर मोकळे वाटतात हे खरे, पण हाड आधीच झिजलेले असते म्हणून.

जुना_पारावरचा:

एवढ्या गोळ्या आणि पावडरी कशाला हव्यात हेच मला समजत नाही. आमच्या आजीने आयुष्यभर मशेरी लावली, कधी राखुंडी वापरली, आणि तिच्या हिरड्यांतून रक्त आलेले आम्ही कधी पाहिले नाही. अबोलीताईंनी मोहरीच्या तेलात मीठ आणि हळद कालवून हिरड्यांवर चोळून पाहावे, असे मी सुचवतो.

रानमेवा:

पारावरच्या काकांचा मान राखून सांगते, आजींच्या हिरड्यांतून रक्त का आले नाही याचे उत्तर मशेरीतच आहे. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. निकोटिनने हिरडीतील रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आत रोग वाढत असताना बाहेर रक्त दिसत नाही, आणि दात हलू लागेपर्यंत घरच्यांना पत्ता लागत नाही. तोंडाच्या कर्करोगाचा धोका आहे तो वेगळाच. मीठ आणि राखुंडी खरखरीत असतात आणि रोज चोळल्याने मूळ आणखी उघडे पडते. कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून चूळ भरण्याला माझी हरकत नाही, त्याने ठणका उतरतो.

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, तेव्हा आहाराच्या बाजूने थोडे सविस्तर लिहिते. सी जीवनसत्त्व आणि हिरड्या यांची जोडी लोकांच्या मनात बसली ती उगीच नाही. १७४७ साली ब्रिटिश नौदलाच्या 'सॉल्सबरी' जहाजावर जेम्स लिंड या शल्यवैद्याने स्कर्व्ही (सी जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार) झालेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. ज्या जोडीला संत्री आणि लिंबू मिळाले ते दोघे काही दिवसांतच उभे राहिले. स्कर्व्हीत हिरड्या जांभळट होऊन फुगतात, रक्ताळतात आणि दात सुटू लागतात, कारण हिरडीला घट्टपणा देणारे कोलॅजन बांधायला शरीराला सी जीवनसत्त्व लागते. हे कोलॅजन शरीर स्वतः तयार करते. तुम्ही आणलेली पावडर पोटात गेल्यावर इतर प्रथिनांसारखीच पचून सुटी होते. ती नेमकी हिरडीत जाऊन बसेल अशी हमी डबीवरच्या चित्राखेरीज कुणी देत नाही. तेवढ्या पैशांत महिनाभराची डाळ आणि अंडी येतील.

सी जीवनसत्त्वाची खरी कमतरता आजही दिसते, पण वेगळ्या लोकांत: चहा आणि टोस्टवर दिवस काढणारी एकटी वृद्ध माणसे, दोन-तीनच पदार्थ खाणारी मुले, दारूचे व्यसन असलेले लोक. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला ६५ आणि पुरुषाला ८० मिलिग्रॅम पुरते. १०० ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम असते, आवळ्यात त्याहून थोडे अधिक, आणि हिरव्या ढोबळ्या मिरचीत व शेवग्याच्या पाल्यात १०० च्या वर. म्हणजे एक मध्यम पेरू खाल्ला की गरज भागून वर उरते. आता गंमत पाहा: एका लिंबाच्या रसातून साधारण १५ मिलिग्रॅमच मिळते. सकाळच्या लिंबूपाण्यातून जीवनसत्त्व थोडे आणि आम्ल भरपूर, असा तो व्यवहार आहे. लिंबू टाकू नका, पण ते जेवणात, वरणभातावर किंवा पोह्यांवर, ताट वाढल्यानंतर पिळा. शिजताना घातले तर जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते आणि रिकाम्या तोंडी घेतले तर दातांना त्रास होतो. जेवताना लाळ भरपूर सुटलेली असते, ती आम्ल सौम्य करते.

काकूंच्या सल्ल्याप्रमाणे गोळी दुप्पट केली तर दिवसाला १००० मिलिग्रॅम होईल. प्रौढांसाठी वरची मर्यादा २००० मिलिग्रॅम धरली जाते, म्हणून घाबरण्यासारखे काही नाही, पण जास्तीचे लघवीवाटे निघून जाते, आणि ज्यांना मुतखड्याची प्रवृत्ती आहे त्यांनी इतकी मात्रा टाळलेली बरी.

माझ्या मते तुमच्या यादीत जे आहे त्यापेक्षा जे नाही त्याकडे बघायला हवे. तुम्ही मासे खात नाही. मांसही खात नसाल आणि दूध-अंडे बेताचे असेल तर बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी आधी करायला हवी. ते कमी झाले की जीभ गुळगुळीत आणि लालभडक होते, तोंडात जळजळ होते, मसालेदार खाणे झोंबते. लोह कमी असेल तर हिरड्या फिकट दिसतात आणि ओठांचे कोपरे चिरतात. केस गळणे आणि थकवा याही तक्रारी असतील तर हे दोन्ही तपासल्याशिवाय बायोटिन घेत राहण्यात अर्थ नाही. शिवाय बायोटिनची मोठी मात्रा थायरॉइडच्या काही चाचण्यांचे आकडे चुकीचे दाखवते, तेव्हा रक्त द्यायच्या आधी प्रयोगशाळेला त्याची कल्पना द्या आणि ते किती दिवस आधी बंद ठेवायचे हे विचारून घ्या.

आहाराने हिरड्यांवर परिणाम होतो का, या तुमच्या शेवटच्या प्रश्नाबाबत एक अभ्यास मला नेहमी आठवतो. स्वित्झर्लंडमध्ये १० जणांना ४ आठवडे अश्मयुगीन पद्धतीने राहायला लावले होते. साखर नाही, ब्रशही नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दातांवरचा थर वाढला होता, पण हिरड्यांतून रक्त येणे वाढण्याऐवजी कमी झाले होते. इतक्या छोट्या अभ्यासावरून ब्रश सोडून द्यावा असे कुणी म्हणणार नाही (काका, तुम्हीही नाही). पण साखर आणि मैदा कमी केल्याने सूज कमी होते याला त्यातून बळ मिळते. चहाबरोबरची बिस्किटे, उपवासाची साबुदाण्याची खिचडी, खजुराची बर्फी, आणि हल्ली जीवनसत्त्वांच्या नावाने मिळणाऱ्या चिकट गोड गोळ्या हे सगळे दातांच्या फटीत तासन्‌तास बसून राहते. त्याऐवजी मधल्या वेळी भाजलेले शेंगदाणे, काकडी, गाजर किंवा पेरूची फोड चालेल. नवरात्रात नऊ दिवसांचा उपवास करत असाल तर त्या दिवसांत भाजी जवळजवळ बंद होते, तेवढ्यापुरती फळे वाढवा.

अबोली:

डॉक्टर, रानमेवाताई आणि काका, आपण सर्वांनी वेळ काढून लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार. डॉक्टरांनी विचारले म्हणून सांगते: ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारे कोणतेही औषध मी घेत नाही. रक्तदाबासाठी मात्र दिवाळीच्या सुमारास ॲम्लोडिपिनची ५ मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली आहे. रक्तदाबाच्या गोळीचा हिरड्यांशी काही संबंध असेल असे वाटले नव्हते, म्हणून ती यादीत लिहिली नाही. आरशात नीट पाहिले तर खालच्या पुढच्या दोन दातांच्या मधली हिरडी त्रिकोणी टोकासारखी न राहता गोल गाठीसारखी वर आलेली दिसते. दूध-अंडे घेते, पण बी-१२ कधी तपासलेले नाही. आता कुणाकडे आधी जावे: दंतवैद्याकडे, की रक्तदाबाच्या डॉक्टरांकडे?

मुखवैद्य:

ही माहिती फार महत्त्वाची आहे. ॲम्लोडिपिन आणि त्याच गटातील निफेडिपिन या औषधांनी काही रुग्णांच्या हिरड्या वाढतात. फिट्सवरच्या फेनिटॉइनने आणि अवयव प्रत्यारोपणानंतर देतात त्या सायक्लोस्पोरिननेही असेच होते. ही वाढ बहुधा औषध सुरू झाल्यावर काही महिन्यांत, पुढच्या दातांमधल्या हिरडीच्या टोकापासून सुरू होते, म्हणजे तुम्ही वर्णन केलेत तशीच. ज्यांच्या दातांवर किटण आहे त्यांच्यात ती अधिक दिसते, आणि वाढलेल्या हिरडीखाली ब्रश पोहोचत नसल्याने किटण आणखी वाढते. तुमच्या बाबतीत हेच झाले आहे असे मी इथे बसून म्हणणार नाही. नुसत्या किटणानेही हिरडी गोल होऊ शकते.

गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. हिरडी सुजणे त्रासदायक आहे, पण अनियंत्रित रक्तदाब त्याहून पुष्कळ वाईट. आधी दंतवैद्याकडे जा, दात साफ करून घ्या आणि हिरडीखालच्या खाचांची खोली मोजायला सांगा. सुमारे दीड-दोन महिन्यांनी पुन्हा दाखवा. किटण निघाल्यावर हिरडी बसली तर औषध बदलायची गरज पडणार नाही. ती तशीच फुगीर राहिली तर दंतवैद्याकडून तसे लिहून घ्या आणि ती चिठ्ठी रक्तदाबाच्या डॉक्टरांना दाखवा. दुसऱ्या गटातील पर्याय उपलब्ध आहेत आणि तुम्हाला कोणता चालेल हे तेच ठरवतील.

रक्ताच्या तपासण्यांत संपूर्ण रक्तगणना, बी-१२, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) आणि साखरेची तीन महिन्यांची सरासरी एवढे करून घ्या. शेवटची तपासणी तुम्हाला मधुमेह नसला तरी सुचवतो, कारण हिरड्यांची तक्रार घेऊन आलेल्या कित्येकांना मधुमेह असल्याचे आमच्याच दवाखान्यात पहिल्यांदा कळते. रक्तगणना टाळू नका. कारण नसताना अंगावर काळेनिळे डाग उठणे, नाकातून रक्त येणे, ताप किंवा झपाट्याने वजन उतरणे यांपैकी काही जोडीला असेल तर दंतवैद्याची वेळ मिळायची वाट न बघता त्याच दिवशी फिजिशियनकडे जा; रक्ताचे काही गंभीर आजार पहिल्यांदा हिरडीतच दिसतात.

पूरक गोळ्यांपैकी ई जीवनसत्त्व आणि कोलॅजन पावडर बंद करायला माझी हरकत नाही. पायातल्या गोळ्यांवर ई जीवनसत्त्वाचा खात्रीचा उपयोग दिसत नाही, तेव्हा ती तक्रारही फिजिशियनच्या कानावर घाला. माशाच्या तेलाचे तेच ठरवतील. सगळे एकदम बंद केले आणि त्याच आठवड्यात दातही साफ झाले, तर कशाने बरे वाटले हे तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही. म्हणून सी जीवनसत्त्वाची गालातली गोळी तेवढी आज सोडा, आणि बाकीचे बदल दात साफ केल्यानंतर एकेक करून करा.

अबोली:

डॉक्टर, शनिवारची वेळ घेतली आहे. सर्व गोळ्यांच्या डब्या, रक्तदाबाच्या गोळीसकट, बरोबर नेते. रानमेवाताई, शेवग्याचा पाला आमच्याकडे बाजारात क्वचितच मिळतो, वाळवून ठेवलेला चालेल का?

रानमेवा:

वाळवलेल्या पाल्यात लोह आणि कॅल्शियम टिकते, सी जीवनसत्त्व मात्र बरेचसे निघून जाते. तो आमटीत किंवा थालीपिठाच्या भाजणीत जरूर घाला, पण सी जीवनसत्त्वासाठी पेरूच खा. सध्या बाजारात नसेल तर ढोबळ्या मिरचीची पीठ न पेरता केलेली, जेमतेम वाफवलेली भाजी किंवा कच्च्या कोबीची कोशिंबीर चालेल, आणि कोशिंबिरीत साखर घालायची सवय असेल तर ती तेवढी सोडा.